आन्ना-योआकिम बायबलात नाहीत, मग सण खोटा का?

वसईतलं कॅथलिक घर. नातीचं नाव आन्ना ठेवायचं, हे आजींच्या मनात पक्कं होतं. येशूची आई मरिया, तिच्या आईचं नाव म्हणून. सून प्रोटेस्टंट घरातली. ती सहज म्हणाली, "आई, मरियेच्या आईचं नाव बायबलात कुठंच नाही." आजींनी मत्तय आणि लूक ही शुभवर्तमानं पुन्हा वाचली. खरंच नव्हतं. मग आन्ना-योआकिमचा २६ जुलैचा सण, इतक्या वर्षांच्या मिस्सा (चर्चमधले उपासनाविधी), सगळ्यावरच शंका येऊ लागली आणि झोप उडाली.

मरियेची आई आन्ना आणि वडील योआकिम, ही नावं येतात 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' या दुसऱ्या शतकातल्या लिखाणातून. त्यावर येशूचा भाऊ म्हटल्या जाणाऱ्या याकोबाचं नाव असलं तरी लेखक तो नव्हे. त्यात तीन वर्षांची मरिया यरुशलेमच्या मंदिरात राहायला जाते. मुलींना असं मंदिरात वाढवायची रीत यहुद्यांत नव्हती.

अशा वेळी सासू-सुनेत वचनांची फेकाफेक सुरू झाली की प्रश्न ग्रंथाचा राहत नाही, घरात कोणाचं चालतं याचा होतो. म्हणून दोघींनी हे लिखाण एकत्र वाचावं, असं मी सुचवलं. प्रकरणं २५, तीही छोटी. एका बैठकीत होतात. हातात पेन्सिल: शुभवर्तमानांतही आहे तिथे बरोबरची खूण, फक्त इथेच आहे तिथे प्रश्नचिन्ह. देवदूताचा निरोप, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी), हेरोद राजा यांना बरोबरच्या खुणा मिळाल्या. आईवडिलांची नावं, म्हातारा विधुर योसेफ, गुहेतला जन्म यांपुढे प्रश्नचिन्हं.

प्रश्नचिन्ह म्हणजे फुली नव्हे, हे आजींना पटायला वेळ लागला. चर्चनेही हे लिखाण चाळूनच घेतलंय. योसेफाला आधीची मुलं होती, हे बायबलाचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमने साफ नाकारलं. मरियेच्या मंदिरार्पणाचा २१ नोव्हेंबरचा सण पोप पायस पाचवे यांनी वगळला. १५८५ साली सिक्स्टस पाचवे यांनी तो परत आणला. आणि विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करायच्या प्रार्थनेत, मरिया आहे, येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पिलात आहे, आन्ना नाही. श्रद्धा त्या नावावर टेकलेलीच नव्हती.

सुनेची चूक उलट होती: बायबलाबाहेरचं म्हणजे हात न लावण्याजोगं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इ.स. ३६७ च्या पत्रात नव्या कराराची २७ पुस्तकं मोजली, आणि त्याच पत्रात 'डिडाखे' व 'हर्मासचा मेंढपाळ' ही बायबलाबाहेरची जुनी ख्रिस्ती पुस्तकं नवशिक्यांना वाचायला दिली. आद्य शुभवर्तमान त्या यादीत नाही, हेही तिला सांगितलं.

नाव आन्नाच ठेवलं. सून लूक २:३६ मधली संदेष्ट्री हन्ना धरते, आजी मरियेची आई.