छातीतला दाब, आईची मिश्री आणि पांढरा रस्सा: हृदयविकाराबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडील 58 वर्षांचे. तरुणपणी तालमीत घुमलेले. अजूनही रोज तांब्याभर म्हशीचं दूध, बुधवार-रविवार मटण. गेल्या महिन्यापासून जोतिबाची चढण चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की दोन मिनिटांत जातं. ते म्हणतात पित्त आहे. ईसीजी पण नॉर्मल आला. (एक वाचक, करवीर तालुका)

उद्याच्या उद्या हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. चाललं की येतं आणि थांबलं की जातं, असं पित्त सहसा वागत नाही. चढणीवर हृदयाला जास्त रक्त लागतं. वाहिनी अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही आणि छाती आवळते. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा माणसात अगदी सरळ येऊ शकतो, कारण त्या वेळी हृदयाला काही कमी पडत नसतं. त्या एका कागदावर निर्धास्त राहू नका. हा त्रास महिनाभरातच सुरू झालाय, म्हणून घाई जास्त. स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करायची की थेट अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून वाहिन्यांचा फोटो), ते तज्ज्ञ ठरवतील. तोवर चढण बंद.

खुराकाचंही सांगतो. पैलवानाचा खुराक शेकडो जोर-बैठका आणि आखाड्यातल्या मेहनतीसाठी असतो. लंगोट सुटतो, खुराक सुटत नाही, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो आणि त्यातला बराचसा कोलेस्टेरॉल वाढवणारा. छाती भरदार दिसते म्हणून आतल्या वाहिन्या स्वच्छ आहेत असं होत नाही. वडिलांच्या कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80 च्या आत.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी वाचा. दाब बसल्या जागी आला, दरदरून घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, दहा-पंधरा मिनिटांत ओसरली नाही, यांतलं काहीही झालं तर सोडा-लिंबू पाजत बसू नका. 108 ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर विचारून 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्या. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलेले पेशंट मी पाहिलेत. वाटेत हृदय थांबलं तर तिथं कुणालाच काही करता येत नाही. आपल्या जवळ चोवीस तास अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्यानं उघडणं) कुठं होते, ते आजच विचारून ठेवा. गुठळीनं वाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

प्रश्न: आई 62 वर्षांची. बिडी-सिगारेट नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. त्यानं हृदयाला काय होणार? (गडहिंग्लज)

मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखूच. हिरडीवर घासला की निकोटिन थेट रक्तात जातं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ 4 टक्क्यांहून कमी होते, पण बिनधुराचा तंबाखू वापरणारे सुमारे 24 टक्के. म्हणजे आपला तंबाखू धुरात कमी आणि तोंडात जास्त. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट ॲटॅकचा धोका दुपटीहून अधिक आढळला. मिश्री आणि तोंडाचा कॅन्सर हे नातं लोकांना पटतं. हृदयाचं सांगायला आपण डॉक्टरच कमी पडतो, असं माझं मत आहे.

आईला रागावू नका. 'मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे तिला खरंच वाटतं, आणि सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस जडही जातात. त्या दिवसांत सोबत राहा. आणखी एक: बायकांना ॲटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, पाठीत दुखणं, अचानक आलेला थकवा एवढंच असू शकतं. त्यामुळे 'कामानं दमली असेल' म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न: मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो, वय 41. शिबिरात बीपी 160/100 निघालं. त्रास काहीच नाही. गोळी एकदा सुरू केली की कायमची लागते म्हणे. (इचलकरंजी)

त्रास नाही म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि कळतो तेव्हा लकवा किंवा किडनीचा रिपोर्ट हातात असतो. आधी नीट मोजा: पाळीची झोप झाल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही. तीन-चार दिवस मोजून आकडे डॉक्टरांना दाखवा. एवढंच राहिलं तर गोळी लागेल. गोळीची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते. वजन आणि मीठ कमी झालं तर डोस कमीही होतो, पण तो डॉक्टरांनी करायचा. मीठ दिवसाला एका चहाच्या चमच्याच्या आत हवं. खर्डा, लोणचं, पापड, फरसाण यांतलंही त्यात धरा.

प्रश्न: तांबडा रस्सा बरा की पांढरा? आणि साखरेऐवजी गूळ चालेल ना? (राजारामपुरी)

तांबड्यावरचा तेलाचा थर डोळ्यांना दिसतो, तो डावानं बाजूला काढता येतो. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस विरघळून गेलेली असते, ती काढता येत नाही. मग पांढरा वाटीभर, आणि तोही रोज नाही. मिसळीचा कट वाढवून मागू नका. गूळ आपल्या मातीतला असला तरी रक्तातली साखर तोही जवळपास साखरेइतकीच वाढवतो. मधुमेह असेल तर तो साखरेतच मोजा.

प्रश्न: मी 33 वर्षांचा, सडपातळ. वडिलांना 49 व्या वर्षी ॲटॅक आला. मला कधीपासून तपासावं? (कागल)

आत्तापासून. वडिलांना 55 च्या आत किंवा आईला 65 च्या आत हा आजार झाला असेल तर मुलांचा धोका वाढतो, सडपातळ असलात तरी. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करून घ्या. जोडीला लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करा, ती पातळी मुख्यतः वारशानं ठरते. रिपोर्ट घेऊन जाताना वडिलांची जुनी फाईलही बरोबर न्या, आणि भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही.