मोबाइलच्या कॅमेऱ्यावर प्रतिमांचे वारंवारता-फिल्टरिंग शिकता येते का?

संगणकावर प्रोग्राम न लिहिता, कॅमेऱ्यातले दृश्य आणि त्याचा फूरिए वर्णपट (उजेड-अंधाराचे चढउतार चित्रात किती दाटीने येतात, म्हणजे त्यांची वारंवारता, आणि प्रत्येकीचे बळ किती, हे दाखवणारे चित्र) शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवरून हा विषय समजेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाने नक्की समजेल. मात्र पडद्याकडे पाहण्याआधी वर्णपट कसा दिसेल, हे प्रत्येक वेळी स्वतःशी सांगून पाहावे.

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. ज्या आवारात तानसेनाची समाधी आहे, तिथल्याच मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्यांसमोर मला हा विषय खऱ्या अर्थाने उमगला. जाळीत एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे वर्णपटात ठळक, सुटे ठिपके उमटतात. मधला ठिपका म्हणजे चित्रातला सरासरी उजेड. त्यापासून जितके दूर जावे तितका तपशील बारीक. जाळीच्या जवळ गेलो की ठिपके केंद्राकडे सरकतात, मागे आलो की दूर जातात आणि मोबाइल तिरका केला की तेही तेवढ्याच कोनातून फिरतात. मोबाइल नुसता बाजूला सरकवला तर मात्र ते जवळजवळ जागचे हलत नाहीत, कारण अ‍ॅप केवळ प्रत्येक वारंवारतेचे बळ दाखवते. कोणती गोष्ट चित्रात कुठे आहे याची नोंद कलेत, म्हणजे फेजमध्ये, असते आणि ती पडद्यावर दिसत नाही. ही एक गोष्ट हाताने अनुभवली की पुढची सूत्रे परकी वाटत नाहीत.

वर्णपटाच्या मधोमध बेरजेच्या चिन्हासारख्या लखलखीत रेषा दिसल्या, तर त्या पुष्कळदा वस्तूच्या नसतात. चित्राची डावी कड उजवीला आणि वरची कड खालच्या कडेला जोडलेली आहे असे गणित धरून चालते, आणि त्या सांध्यावरच्या फरकातून त्या उमटतात. अ‍ॅपमध्ये विंडोची, म्हणजे चित्र कडांकडे हळूहळू फिके करत नेण्याची, सोय असल्यास ती चालू करावी.

आता फिल्टर, म्हणजे वर्णपटातला काही भाग पुसून उरलेल्यावरून चित्र पुन्हा तयार करणे. केंद्राभोवतीचे वर्तुळ ठेवून बाकीचे पुसले की चित्र धूसर होते. वर्तुळच पुसले की फक्त कडा उरतात. वर्तुळाची कड धारदार ठेवली तर चित्रातल्या कडांशेजारी तरंगांसारख्या रेघा उमटतात, गाउसी उतार दिला, म्हणजे कड घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे हळूहळू उतरत नेली, तर त्या नाहीशा होतात. वर्तमानपत्रात छापलेल्या छायाचित्राचे छपाईचे ठिपके याच मार्गाने काढून पाहावेत; वर्णपटातले ठिपके केंद्राच्या दोन्ही बाजूंना जोडीने येतात, म्हणून दोन्ही झाकावे लागतात.

हे सारे हातातल्या यंत्रावर क्षणात होते, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. २५६×२५६ पिक्सेलच्या चित्राचे फूरिए रूपांतर, म्हणजे त्याचा वर्णपट काढणे, थेट सूत्राने करायचे तर सुमारे ४२९ कोटी गुणाकार लागतात. १९६५ साली कूली आणि ट्यूकी या गणितज्ञांनी मांडलेल्या जलद रीतीने ते दहा लाखांच्या आसपास येतात.

शेवटी खिडकीच्या डासांच्या जाळीसमोर उभे राहून हळूहळू मागे यावे. ठिपके बाहेर सरकत पडद्याच्या कडेपर्यंत जातात आणि, अ‍ॅप चित्र लहान करण्याआधी ते धूसर करत नसेल तर, तिथून उलट केंद्राकडे येऊ लागतात. हेच एलियासिंग. अशी परतलेली वारंवारता खऱ्या वारंवारतेत मिसळून जाते आणि नंतरचा कोणताही फिल्टर ती ओळखून वेगळी करू शकत नाही, म्हणून धूसर करण्याचे काम नमुने घेण्यापूर्वीच, म्हणजे चित्रातले मोजके पिक्सेल निवडण्यापूर्वीच, व्हावे लागते.