वाइन निवळत नाही, काय करावे?

प्रश्न : आमच्या बागेतील थॉम्पसन द्राक्षांची घरी केलेली वाइन मलमलच्या फडक्यातून गाळूनही गढूळच राहते. बाटल्यांत भरण्यापूर्वी ती नितळ कशी करावी? (एक वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरीही वाइन करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरते, तेव्हा परवान्याचे आधी पाहावे.

फडके मात्र बाजूलाच ठेवा. यीस्टच्या, म्हणजे रस आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या, पेशी जेमतेम ५ ते १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने त्या कापडातून सहज निसटतात, आणि ओतताना मिसळलेल्या हवेने वाइन तपकिरी पडून चव बिघडते, म्हणजे गाळण्याने तोटाच अधिक. आंबणे पूर्ण थांबल्याची खात्री हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीने, करावी, आकडा १.००० च्या खाली येऊन काही दिवस स्थिर राहिला नसेल, तर भरलेली बाटली फुटू शकते. त्यानंतर लिटरला सुमारे १ ग्रॅम बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, गुठळ्या मोडून वाइनमध्ये ढवळावी. ती प्रथिनांना धरून तळाशी बसते. आठवडाभराने गाळ न हलवता वरची वाइन नळीने ओढून घ्यावी.

रस काढताना लगदा तापवला असेल, तर दोष बहुधा पेक्टिनचा, म्हणजे फळातील चिकट घटकाचा, असतो आणि त्यावर पेक्टिनेज हे विकरच (एन्झाइम) लागते. ते बेंटोनाइटच्या आधी घालावे, कारण विकर हेही प्रथिनच असल्याने माती त्यालाही ओढून नेते. फ्रिजमध्ये तळाशी जमणारे काचेसारखे कण टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असतात. ते निरुपद्रवी आहेत.