पायऱ्या विसरणाऱ्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकात कार्ड दिलं तर ती कॉपी ठरते का?

वायरिंगला हात चांगला, पण परीक्षेत पायऱ्या विसरतो, अशा मुलाला पायऱ्यांचं कार्ड दिलं तर ती कॉपी ठरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. माझ्या मते नाही ठरत, फक्त कार्डावर काय लिहायचं ते नीट ठरवा.

प्रत्यक्ष कामावर तरी पायऱ्या पाठ असाव्या लागतात का? १९३५ मध्ये बोइंगचं मॉडेल २९९ चाचणीच्या उड्डाणात कोसळलं, कारण कंट्रोलचं लॉक काढायचं राहून गेलं होतं. वैमानिक मुरलेले होते. त्यानंतरच चेकलिस्टची पद्धत रुजली. मग शिकणाऱ्या पोरानं यादी पाहिली तर काय बिघडलं?

कार्डावर फक्त क्रम हवा: सप्लाय बंद, टेस्टरनं खात्री, जोडणी, अर्थिंग, तपासणी. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला तर मोटर बंद करणारा) किती अँपिअरवर लावायचा हे मोटरची प्लेट वाचून त्यानंच ठरवायचं. परीक्षा त्याचीच आहे. आणि कुणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद, हे कार्डाशिवायच यायला हवं. ते रोज घोटून घ्या.

माझा एक विद्यार्थी मोटरचा स्टार्टर जोडत असताना परीक्षकांनी मध्येच होल्डिंग कॉन्टॅक्टबद्दल (बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा) विचारलं. उत्तर अगदी बरोबर दिलं. पण परत पॅनेलकडे वळला तो स्क्रूड्रायव्हर हातात धरून नुसता बघत राहिला. कुठला स्क्रू आवळलाय, कुठला राहिलाय, काही सुधरेना. सगळे पहिल्यापासून आवळत बसला आणि वेळ संपली. एका वेळी डोक्यात साधारण चारच गोष्टी धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं. या मुलांना त्याही जड जातात, आणि मधला एक प्रश्न सगळं पुसून टाकतो. म्हणून आता मी आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर मार्करची रेघ मारायला लावतो, आणि तोंडी प्रश्न शेवटी घ्यावेत अशी परीक्षकांना आधीच लेखी विनंती करतो.

ऐन वेळी 'काही राहिलं का?' असं मात्र विचारू नका. ती मदत मोजता येत नाही, आणि बाकीच्यांवर अन्याय होतो.

सरावाला तेच कार्ड, पण पालथं ठेवायचं. अडला तरच उलटायचं. आठवायचा प्रयत्न केल्यानंच पक्कं होतं. आणि कार्ड त्याला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. माझ्या त्या मुलानं सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अर्थिंग??' सरावात तीनदा तेच राहिलं होतं त्याचं.