आधी धूळपाटी, मग हलशी

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या हलशी गावावर मराठी विकिपीडियात लिहायचं म्हणतोस, लिही की! फक्त आधी धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर, हात बसव. तिथं कितीही चुकलं तरी कुणाचं बिघडत नाही.

मजकूर टाकलास की कुणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारेल, कुणी 'संदर्भ हवा' म्हणेल. रागावू नकोस. नागपुरातला नाहीतर न्यू जर्सीतला, कधीच न भेटणारा माणूस आपलं काम सोडून तुझ्या गावाचं पान वाचतोय, हे केवढं! पानाच्या इतिहासात त्याच्या बदलापुढं आभार मानायची सोय असते. तिथं कंजुषी नको.

नाजूक भाग आपल्या बेळगावच्या नावाचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर शहर बेळगावी झालं, घरात आपण बेळगावच म्हणतो. म्हणून पानावर नाव बदलत बसू नकोस. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर बोल, खाली चार टिल्डे (~~~~) देऊन सही कर. भांडणं तिथंही होतात, खोटं कशाला सांगू. पण पुरावा मागतात, आवाज नाही.

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे फोटो स्वतः काढ आणि कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक फोटो-भांडारात, चढव. तेच फोटो कन्नड विकिपीडियालाही वापरता येतात. कदंब राजांच्या जुन्या कोरीव लेखांपाशी अडलास तर कन्नड संपादकांना बिनधास्त विचार. मला तरी त्यांनी कधी परकं मानलं नाही.

आणि खात्याला ईमेल जोडून ठेव बाबा. पासवर्ड विसरलास तर तेवढीच वाट असते.