रशियन भरतकामात हात वर करून उभी असलेली बाई म्हणजे देवीच का?

छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नाही. उत्तर रशियातल्या लिननच्या टॉवेलांच्या टोकांना लाल दोऱ्याने ती भरलेली दिसते. दोन्ही बाजूंना घोडेस्वार, नाहीतर पक्षी. कलासमीक्षक व्लादिमिर स्तासोव्ह यांनी १८७२ मध्ये असे नमुने छापले, तेव्हा त्यांची मुळं फिनिश आणि इराणी कलेत शोधली. ती प्राचीन देवी असल्याची कल्पना रुजवली ती पुरातत्त्वज्ञ गोरोद्त्सोव्ह यांच्या १९२६ च्या लेखाने. पुढे इतिहासकार रिबाकोव्ह यांनी ती, माझ्या मते, जरा जास्तच ताणली. कारण हाताशी असलेलं बहुतेक काम जेमतेम १९व्या शतकातलं.

या भरतकामातला टाका मात्र बघाच. सुई जाताना एकाआड एक टाका घालते, परतताना मोकळ्या जागा भरते, त्यामुळे उलट-सुलट सारखंच दिसतं. कर्नाटकातल्या कसुती भरतकामातला गवंती टाका असाच असतो.