चहातली गोळी

प्रश्न : आमचे मालक यंत्रमागावर कामाला आहेत, मी विड्या वळते. हप्त्याचा पगार दारूत जातो; आता सकाळीही लागते. सासूबाई म्हणतात, पंढरपुरात माळ घाला. दीर म्हणतो, पुण्याला नेऊन टाका. शेजारणीनं चहातून द्यायच्या गोळ्या आणून दिल्यात. काय करू, दादा?
– एक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी त्या गोळ्या. बहुधा डायसल्फिराम असेल. ती अंगात असताना दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवावरही बेततं. माझ्या आईनं मला ती आमटीतून दिली होती. नव्या पेठेत रस्त्यातच आडवा झालो. शुद्धीवर आल्यावर मी तिच्या हातचं जेवण सोडलं, दारू नाही. तीच गोळी डॉक्टरांनी तपासून, मालकांना सांगून दिली तर कामाची. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत.

दुसरं, त्यांना एकदम बंद करायला लावू नका. गड्ड्याच्या जत्रेत मी सिद्धेश्वराची शपथ घेतली, आणि तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. नव्हतीच ती. सकाळपासून पिणाऱ्याला अशा वेळी फिटही येते. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे.

माळेला मी हसणार नाही. माझा मागावरचा जोडीदार माळ घालूनच सुटला. पण त्यानं गुत्त्यावरची संगतही सोडली, संध्याकाळी भजनाला बसू लागला. मला देव फारसा जमला नाही. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीत टिकलो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून ती चळवळ निघाली. फी नाही. बायकामुलांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं असतं. मालक नाही आले तरी तुम्ही जा.

पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवायचं काम करतंय. पण दिराला सांगा, ‘नेऊन टाका’ नाही. मालकांशी बोलून, फोन करून, सोबत जा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

बोलायचं ते पगाराच्या रात्री नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी, हात थरथरत असतात तेव्हा त्यांनाही पटतं. आणि शेजारणीच्या गोळ्या आजच परत करा.